तुळशीबागेतून काय घ्यावे आणि औषधाच्या दुकानातून काय

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी घराची आवराआवर करताना मी आरशाखालचा खण पूर्ण रिकामा केला, तेव्हा त्यातून एकतीस वस्तू निघाल्या. त्यांपैकी अकरा वस्तूंची मुदत संपलेली होती, चार लिपस्टिक जवळजवळ एकाच विटकरी छटेच्या होत्या आणि एका सीरमच्या बाटलीचे तर सीलही मी फोडलेले नव्हते. त्या सगळ्यांची किंमत मनातल्या मनात जुळवली तेव्हा पाच हजारांच्या पुढे गेली. एवढे पैसे खर्चूनही माझ्या गालांवरचे वांग होते तसेच होते, कारण ज्या एका गोष्टीची चेहऱ्याला रोज गरज होती, ते सनस्क्रीन त्या खणात नव्हतेच. त्या दिवशी मी ठरवले की पुढचे वर्षभर चेहऱ्यावर महिन्याला पाचशे रुपयांहून अधिक खर्च करायचा नाही, प्रत्येक खरेदी वहीत लिहायची आणि कोणती वस्तू कुठून घेतल्याने खरोखर उपयोग झाला ते पाहायचे. ते वर्ष आता पूर्ण झाले आहे. या काळात माझी खरेदी मुख्यतः दोनच ठिकाणी झाली: पुण्याची तुळशीबाग आणि आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान. हा अभिप्राय त्या दोन्हींबद्दल आहे.

तुळशीबाग म्हणजे काय हे पुणेकरांना सांगावे लागत नाही, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगते. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी बांधलेले राममंदिर आणि त्याच्या भोवती, आतल्या बोळांत व लक्ष्मी रस्त्याच्या दिशेने पसरलेली छोट्या छोट्या दुकानांची बाजारपेठ, असे तिचे स्वरूप आहे. भातुकलीच्या पितळी भांड्यांपासून मंगळसूत्राच्या वाट्यांपर्यंत आणि केसांच्या पिनांपासून नेलपेंटपर्यंत बायकांना लागणारे जवळजवळ सगळे काही तिथे मिळते. मंडईचे मेट्रो स्थानक २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून गाडी लावायला जागा शोधण्याचा त्रासही उरलेला नाही. मी शक्यतो कामाच्या दिवशी, दुकाने उघडल्यावर तासाभरात जाते. शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, मागून धक्के बसत असतात आणि अशा गर्दीत लिपस्टिकची छटा निवडली की ती हमखास चुकते.

या बाजारात सौंदर्यप्रसाधनांची दुकाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात अनेक वर्षे एकाच जागी असलेली, छापील किमतीवर थोडी सूट देणारी आणि मागितल्यावर पक्के बिल देणारी दुकाने येतात. दुसऱ्या प्रकारात फळीवर किंवा हातगाडीवर मांडलेला माल येतो. तो दिसायला अगदी तसाच असतो, पण तो कोणी बनवला आणि कधी बनवला हे सांगणारे त्याच्यावर काही नसते. माझा पूर्ण भरवसा पहिल्या प्रकारावर आहे. तिथे काउंटरमागे उभ्या असलेल्या मुली आणि ताई ग्राहकाचा हात हातात घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूला छटा लावून दाखवतात, आपला रंग पाहून योग्य ते चार खोके पुढे ठेवतात आणि उरलेले दहा खोके मागेच ठेवतात. निवड सोपी करून देण्याचे हे कौशल्य मला मोठ्या मॉलमधल्या चकचकीत काउंटरवर फारसे भेटलेले नाही. तिथे सर्वांत महाग ते सर्वांत पुढे येते.

मी तिथे सर्वांत समाधानाने घेते ती वस्तू म्हणजे काजळ. फिरवून वर काढायचे, पेन्सिलीसारखे काजळ दीडशे ते दोनशे रुपयांत नामांकित कंपन्यांचे मिळते आणि मला ते चार महिने पुरते. घेताना मी एक साधी चाचणी करते. हाताच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढायची, मिनिटभर थांबायचे आणि मग अंगठा एकदाच, न दाबता फिरवायचा. चांगल्या काजळाची रेघ कडेला थोडी धूसर होते, पण जागची हलत नाही. तेल जास्त असलेले काजळ अंगठ्याबरोबर सरळ पुढे ओढले जाते आणि असे काजळ पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी बारापर्यंत डोळ्यांखाली उतरलेले असते. लॅक्मेचे आयकॉनिक काजळ या चाचणीत माझ्याकडे वर्षभर टिकून राहिले आणि त्याच्या किमतीत मला त्याहून वरचे काही हवेसे वाटले नाही. मात्र ते मी पापणीच्या आतल्या ओल्या कडेला लावत नाही, बाहेरच्या कडेला पापण्यांच्या मुळाशी लावते. त्यामुळे ते पसरतही नाही आणि डोळ्यांत उतरून चुरचुरतही नाही. काजळ दुसऱ्या कोणाला वापरायला द्यायचे नाही, अगदी मुलीलाही नाही, हा नियम मी कठोरपणे पाळते, कारण डोळे आल्यावर एका काजळातून घरभर साथ पसरल्याचे मी लहानपणी पाहिलेले आहे.

लिपस्टिकच्या बाबतीत तुळशीबागेची खरी देणगी म्हणजे तिचा उजेड, पण त्यासाठी दुकानाच्या पायरीपर्यंत यावे लागते. आत पांढऱ्या दिव्यांखाली जी छटा गुलाबी दिसते, ती बाहेर उन्हात जांभळट निघते. मनगटावर तीन रेघा ओढून घेऊन, दुकानदाराला सांगून पायरीवर यावे, हात उन्हात धरावा आणि मग ठरवावे. कोणत्याही भल्या दुकानात याला हरकत घेतली जात नाही. आपल्या सावळ्या आणि गव्हाळ रंगांवर विटकरी, मरून आणि थोड्या तपकिरी अंगाच्या गुलाबी छटा खुलून दिसतात. फिकट, खडूसारख्या गुलाबी छटांनी ओठ आजारी वाटतात, मग त्या जाहिरातीत कितीही सुंदर दिसोत. चाचणीसाठी उघडी ठेवलेली लिपस्टिक थेट ओठांना मात्र कधीही लावू नये. दिवसभरात ती किती जणींच्या ओठांना लागली असेल याचा अंदाज कोणालाच नसतो आणि ओठांवर येणाऱ्या नागिणीसारख्या पुळ्यांचा विषाणू अशा वाटेने सहज पसरू शकतो. वर्षभरात मी दोनच लिपस्टिक घेतल्या, एक कचेरीसाठी आणि एक लग्नकार्यासाठी. कचेरीतली लिपस्टिक मी बोटाच्या टोकाने किंचित गालांवरही लावते. त्यामुळे वेगळा ब्लश घेण्याची वेळच आली नाही.

याच बाजारात मी एक चूकही केली. ती सांगितली नाही तर हा अभिप्राय अपुरा राहील. पावसाळ्यात एकदा घाईत असताना मी मुख्य बोळाच्या बाहेरच्या एका गाडीवरून, दुकानातल्या निम्म्याहून कमी किमतीत, एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाची लिपस्टिक घेतली. खोक्याचा रंग तोच, अक्षरे तीच, फक्त नावातले एक अक्षर चुकलेले होते आणि ते मला घरी गेल्यावर दिसले. तरीही पैसे दिलेले होते म्हणून मी ती लावली. संध्याकाळपर्यंत ओठ खाजू लागले, दुसऱ्या दिवशी त्यांची साले निघाली आणि पुढचे चार दिवस मी पेट्रोलियम जेलीवाचून काही लावू शकले नाही. शंभर रुपये वाचवायला गेले आणि जवळची चांगली लिपस्टिकही आठवडाभर तशीच पडून राहिली. तेव्हापासून वेष्टनावरचा मजकूर वाचल्याशिवाय मी काहीच घेत नाही. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. त्यांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत आणि घटकांची यादी असणे अपेक्षित आहे. परदेशी माल असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ताही असायला हवा. रंगांमधल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत वीस भाग अशी ठरवलेली आहे. जो माल कोणी बनवला हेच सांगत नाही, त्याने ती मर्यादा पाळली असेल असे मानायला काहीच आधार नसतो, आणि लिपस्टिक तर थोडी थोडी आपल्या पोटातही जात असते.

टिकल्यांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण दहा-वीस रुपयांच्या या वस्तूकडे कोणी प्रसाधन म्हणून पाहतच नाही. तुळशीबागेत टिकल्यांची पाकिटे भिंतभर टांगलेली असतात आणि त्यांतली निवड करण्यात माझा सुखाचा अर्धा तास जातो. पण माझ्या आईच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, काही वर्षांपूर्वी आधी खाज आली आणि मग टिकलीएवढाच गोल पांढरा डाग उमटला. आम्ही घाबरलो, घरात कोणी कोडाचा शब्द उच्चारला आणि आईने दोन दिवस धड जेवण केले नाही. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डाग पाहताक्षणी सांगितले की हा टिकलीच्या गोंदाचा परिणाम आहे. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचे रसायन असते आणि ते काही जणींच्या त्वचेतल्या रंगपेशींना इजा करते. टिकली बंद करणे हाच त्यावरचा पहिला उपाय होता. आईने मग तिच्या आईसारखे मेण लावून कुंकू लावायला सुरुवात केली. ते कुंकू आम्ही मंडईकडच्या पूजासाहित्याच्या दुकानातून, हळदीपासून केलेले आहे याची खात्री करून आणतो. तिचा डाग हळूहळू भरत आला, पण अजून पूर्ण गेलेला नाही. मी स्वतः टिकली लावते, मात्र रात्री न चुकता काढते, आदल्या दिवशीची टिकली आरशावर चिकटवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावत नाही आणि कपाळाला जराशी जरी खाज आली तरी आठवडाभर कपाळ मोकळे ठेवते.

तुळशीबागेतून मी स्पंज, पावडरीचा पफ, केसांचे चाप आणि धुऊन वापरता येणारे कापडी रुमालही घेते आणि या सगळ्यांसाठी ती जागा उत्तम आहे. पण चेहऱ्यावर मुरणारी, रात्रभर राहणारी किंवा उन्हापासून वाचवणारी कोणतीही वस्तू मी आता तिथून घेत नाही. त्यासाठी मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाते. वर्षभराच्या हिशेबातून माझे ठाम मत झाले आहे की पुसून टाकायच्या वस्तूंवर काटकसर करावी आणि त्वचेत राहणाऱ्या वस्तूंवर ती करू नये. माझ्या पाचशेपैकी जवळपास चारशे रुपये दर महिन्याला या दुसऱ्या दुकानात गेले.

त्यांतला सर्वांत मोठा वाटा सनस्क्रीनचा होता. पन्नास ग्रॅमची ट्यूब मला साधारण चारशे रुपयांना मिळाली. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा, असे चेहऱ्याचे आणि मानेचे माप आहे. त्या मापाने रोज सकाळी लावल्यावर एक ट्यूब साडेसहा-सात आठवडे पुरते. म्हणजे वर्षाला आठ ट्यूबा आणि दिवसाला साधारण नऊ रुपये. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मला तो जास्त वाटला होता. पण त्या खणातल्या सीलबंद सीरमच्या एका बाटलीच्या पैशांत दोन महिन्यांचे सनस्क्रीन आले असते हे लक्षात आल्यावर मी तो आनंदाने स्वीकारला. दुकानात एसपीएफचे, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाच्या मापाचे, ५०, ७०, १०० असे चढत जाणारे आकडे दिसतात आणि त्यांबरोबर किंमतही चढत जाते. प्रत्यक्षात एसपीएफ १५ हे अतिनील ब किरणांपैकी सुमारे ९३ टक्के, एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के किरण अडवते. म्हणजे तीसच्या पुढे गेल्यावर मिळणारा फायदा फार थोडा आहे. उलट शंभरचे सनस्क्रीन वाटाण्याएवढे लावले तर तीसचे पुरेसे लावण्याइतकाही उपयोग होत नाही. त्यापेक्षा वेष्टनावर ‘पीए’ (PA) या अक्षरांच्या पुढे किमान तीन अधिकची चिन्हे (+++) आहेत का ते पाहावे, कारण अतिनील अ किरणांपासूनचे संरक्षण त्यावरून कळते आणि हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते आणि माझ्या डाव्या हाताला मोठी खिडकी आहे. माझे वांग डाव्या गालावर अधिक गडद का, याचे उत्तर मला डॉक्टरांनी ती खिडकी विचारात घेऊनच दिले होते.

वांगासाठी आणखी एक गोष्ट मला त्यांच्याकडून कळली. सावळ्या त्वचेला केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही काळवंडवतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन तो काही प्रमाणात अडवते. म्हणून सहा महिन्यांनंतर मी रंगीत सनस्क्रीनकडे वळले. त्याचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की फाउंडेशनची गरज संपली. सनस्क्रीन लावून पाच मिनिटे थांबायचे, वरून नाकाच्या आसपास थोडी कॉम्पॅक्ट पावडर थोपटायची आणि काजळ, टिकली, लिपस्टिक लावून सात मिनिटांत घराबाहेर पडायचे, हा आता माझा नित्यक्रम आहे.

यात पुण्याची एक खास अडचण मात्र आहे. दुचाकीवर बसण्याआधी इथल्या बहुतेक मुली आणि बायका डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात आणि वरून हेल्मेट घालतात. धूळ आणि ऊन यांपासून स्कार्फ चांगले रक्षण करतो, तो सोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण अर्ध्या तासाच्या घामात आणि कापडाच्या घर्षणात नाकावरचे आणि गालांच्या उंचवट्यांवरचे सनस्क्रीन निघून जाते. माझ्या पांढऱ्या स्कार्फवर ते मला रोज दिसत असे. त्यामुळे मी लिपस्टिक आणि पावडर आता बँकेत पोहोचल्यावर लावते आणि दुपारच्या जेवणानंतर तोंड धुऊन सनस्क्रीन पुन्हा लावते. मधल्या काळात आणखी एकदा लावता आले तर फारच चांगले, कारण उन्हात असताना दर दोन तासांनी लावावे असे सांगितले जाते, पण काउंटर सोडून जाणे मला रोज जमत नाही. स्कार्फ दर दोन दिवसांनी धुवायला टाकू लागल्यापासून हनुवटीवरच्या पुटकुळ्या निम्म्याने कमी झाल्या. या उपायाला एक रुपयाही लागला नाही आणि तो मला कोणत्याही जाहिरातीने सांगितला नव्हता.

फेसवॉश आणि मॉइश्चरायझर यांबद्दल थोडक्यात लिहिले तरी पुरेसे आहे. सुगंध नसलेला, चेहरा धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी न वाटणारा कोणताही सौम्य फेसवॉश चालतो. तो मिनिटभरात धुऊन जाणार असतो, त्यामुळे त्यातल्या सोन्याच्या कणांना किंवा केशराला पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. माझी त्वचा नाकाशी तेलकट आणि गालांवर कोरडी आहे. उन्हाळ्यात लॅक्टो कॅलामाइन मला उत्तम मानवते, कारण त्यातली केओलिन माती आणि झिंक ऑक्साइड तेल शोषून घेतात आणि ग्लिसरीनमुळे त्वचा कोरडीही पडत नाही. थंडीत मात्र मी ग्लिसरीन असलेले साधे पांढरे मॉइश्चरायझर, चेहरा ओलसर असतानाच लावते. आजीच्या काळचे ग्लिसरीन आणि गुलाबपाणी आजही तितकेच चांगले काम करते आणि त्याहून स्वस्त काही नाही. फक्त पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात निव्वळ ग्लिसरीन चोपडू नये, त्यात तिप्पट गुलाबपाणी घालावे. फुटलेल्या ओठांसाठी आणि नाकाच्या सोललेल्या कडांसाठी बोरोलीनची हिरवी ट्यूब आहेच. १९२९ पासून कोलकात्यात तयार होणाऱ्या या मलमात बोरिक ॲसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन असते, पण पूर्ण चेहऱ्यावर ते मला फार जड होते. टाचांच्या भेगांसाठी आमच्या घरी पुण्याचेच कैलास जीवन वापरले जाते आणि त्याची जागा टाचांवरच आहे, कारण खोबरेल तेलाचा आधार असलेले काहीही चेहऱ्यावर लावले की मला पुटकुळ्या येतात. खोबरेल तेलाचा एकच उपयोग मी डोळ्यांजवळ करते: रात्री काजळ काढण्यासाठी कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, आणि मग लगेच तोंड धुणे.

या जुन्या नावांविषयी लिहिताना एक गोष्ट मला फार आवडते. टाटांनी सुरू केलेली लॅक्मे आणि केशव विष्णु पेंढरकरांची विको, या दोन्हींची सुरुवात १९५२ सालची आणि मुंबईचीच. एकीने परदेशी प्रसाधनांची जागा घेतली, दुसरीने आपल्या घरातली हळद ट्यूबमध्ये भरली. विको टर्मरिक हे औषध मानायचे की प्रसाधन, यावर तर अबकारी कराच्या निमित्ताने न्यायालयात अनेक वर्षे वाद चालला. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या चेहऱ्याला लागलेले ते पहिले आणि एकमेव क्रीम होते. आजही त्या ट्यूबेचे झाकण उघडले की चंदनाच्या वासाने मला लग्नघराची आठवण येते.

स्वयंपाकघरातल्या उपायांवर माझा विश्वास आहे, पण सरसकट नाही. दिवाळीचे उटणे, दुधात कालवलेले डाळीचे पीठ, मुलतानी माती यांनी कोणाचे नुकसान झाल्याचे मला ठाऊक नाही, मात्र ते खसाखसा चोळू नये. लिंबू मात्र चेहऱ्याला अजिबात लावू नये. ते अतिशय आम्ल असते आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की तिथे काळे डाग, काही वेळा फोडही येतात. ज्या डागांसाठी लिंबू लावावे तेच डाग वाढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा अभिप्राय लिहावा असे मला तीव्रतेने वाटले, तिच्याकडे येते. औषधांच्या दुकानातून घेतलेली प्रत्येक वस्तू सुरक्षित असते असे नाही. माझ्या नणंदेला तिच्या गावातल्या एका दुकानदाराने, डॉक्टरांची चिठ्ठी न मागता, गोरे होण्यासाठी म्हणून एक पातळ ट्यूब दिली. तिची किंमत एका चांगल्या मॉइश्चरायझरपेक्षाही कमी होती. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की तिने ती शेजारच्या दोघींनाही सांगितली. तीन महिन्यांनी गाल कायमचे लाल दिसू लागले, बारीक रक्तवाहिन्या वर आल्या, हनुवटीवर लव वाढली आणि ट्यूब एक दिवस लावली नाही तरी चेहऱ्याची आग होऊ लागली. त्या ट्यूबेत मोमेटासोन हे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन यांचे मिश्रण होते. वांगावर तज्ज्ञ डॉक्टर ते ठरावीक आठवडेच देतात, ते रोजचे क्रीम नव्हे. अशा गैरवापराने होणाऱ्या विकाराला आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नावच दिले आहे, इतक्या बायका तो घेऊन त्यांच्याकडे येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरीही ती काउंटरवरून सहज हातात पडतात. नणंद आता वर्षभर उपचार घेते आहे आणि त्या उपचारांचा खर्च माझ्या संपूर्ण वर्षाच्या हिशेबाच्या कितीतरी पट झाला आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा आहे. आपल्या नियमांनुसार चेहऱ्याच्या प्रसाधनात पारा घालायला परवानगी नाही, नकळत आलेला अंशही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही. तरीही अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि त्याचे मूळ त्या लावत असलेल्या क्रीममधल्या पाऱ्यात असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तज्ज्ञांच्या तपासातून २०२३ मध्ये समोर आले. त्याच सुमारास केरळमधल्या डॉक्टरांनीही गोरेपणाच्या क्रीमचा मूत्रपिंडाच्या विकाराशी असलेला संबंध नोंदवला. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका फार प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द काढला, पण लग्नाच्या बाजारातून तो अजून निघालेला नाही. म्हणूनच ब्यूटी पार्लरमध्ये डबीत भरून, नावाशिवाय दिले जाणारे आणि दोन आठवड्यांत उजळपणाची खात्री देणारे कोणतेही क्रीम कृपा करून घेऊ नका, ते देणारी व्यक्ती कितीही ओळखीची असली तरी.

वर्षाचा हिशेब असा झाला: सनस्क्रीनच्या आठ ट्यूबा ३,२०० रुपये, मॉइश्चरायझर ७२० आणि फेसवॉश ६००, म्हणजे औषधांच्या दुकानात ४,५२०. काजळ ४५०, दोन लिपस्टिक ४००, एक कॉम्पॅक्ट २२५ आणि टिकल्या, पफ, चाप मिळून सुमारे २००, म्हणजे तुळशीबागेत १,२७५. एकूण ५,७९५ रुपये, महिन्याला पाचशेच्या आत. गाडीवरची ती लिपस्टिक या आकड्यात धरलेली नाही, ती मी दुसऱ्याच दिवशी टाकून दिली. डाव्या गालावरचे वांग गेलेले नाही, पण त्याची कड आता पुसट झाली आहे आणि जवळून पाहिल्याशिवाय ते कोणाच्या लक्षात येत नाही.

गेल्या महिन्यात माझी मुलगी कॉलेजच्या कार्यक्रमासाठी तिची पहिली लिपस्टिक घ्यायला माझ्याबरोबर तुळशीबागेत आली. काउंटरवरच्या ताईंनी तिच्या मनगटावर तीन रेघा ओढल्या. तिला तिसरी, फिकट गुलाबी आवडली होती. मी काही बोलले नाही. ती स्वतःच पायरीवर गेली, हात उन्हात धरला, बराच वेळ पाहिला आणि आत येऊन म्हणाली, "आई, मधली घेऊ या." मग तिने खोके उलटे करून मुदतीची तारीख वाचली आणि ताईंकडे बिल मागितले.